रोल नंबर १७

हजेरी घेऊन घेऊन कानाला अशी सवय लागते की कुठल्या नावावर कुठल्या कोपऱ्यातून "प्रेझेंट" येणार हे मान वर न करताही कळतं. यंदाच्या फर्स्ट इयरला सोळाचा आवाज येतो, अठराचा येतो, आणि मधे सतराला मी दर वेळी जरा थांबते, मग रेघ मारते. पहिल्या आठवड्यात दोनदा आला होता तो मुलगा. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला, सॅक पूर्ण तासभर मांडीवरच धरून ठेवली, आत्ता कोणी हाक मारेल आणि निघावं लागेल अशी. त्यानंतर आला नाही.

वर्गात ४६ जण, त्यात मुलं ११. मी स्वतः शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात मुलं-मुली जवळपास सारखीच असायची, शिकवायला लागले तेव्हाही फार फरक नव्हता, पुढे दरवर्षी एखाद-दुसरा मुलगा कमी होत गेला आणि ते इतकं सावकाश झालं की कोणाच्या ध्यानातच आलं नाही. स्टाफरूममध्ये कोणी म्हणतं, यंदा मुलं फारच कमी दिसतात, दुसरं कोणी म्हणतं, सायन्सकडे गेली असतील, आणि तेवढ्यावर विषय संपतो. मीही हेच म्हणायचे. मी भाषा शिकवते, त्यामुळे वाटायचं की हा आपल्या विषयापुरता प्रश्न असणार. मग एका सुट्टीत आकडे बघायला बसले आणि पूर्ण दुपार त्यातच गेली.

ओईसीडी म्हणून मुख्यतः श्रीमंत देशांची जी संघटना आहे, तिच्या देशांत २५ ते ३४ वयाच्या बायकांपैकी उच्च शिक्षण पूर्ण केलेल्या साधारण ५४ टक्के आहेत आणि त्याच वयाचे पुरुष ४१ टक्के. अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या मुलींची संख्या १९८० च्या आसपास मुलांच्या पुढे गेली, ती तेव्हापासून पुढेच आहे. दक्षिण कोरियात शाळा संपवून पुढे कॉलेजात जाण्याचं मुलींचं प्रमाण २००९ मध्ये मुलांच्या वर गेलं. भारतात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत कॉलेजच्या वयाच्या लोकसंख्येमागे शिकणाऱ्या मुलींचं प्रमाण २८.५ टक्के आणि मुलांचं २८.३, म्हणजे काटा अगदी मधोमध. युनेस्कोचे आकडे बघितले तर जगाच्या बहुतेक भागांत मुलीच जास्त आहेत, सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिका हा मोठा अपवाद, तिथे अजून मुलीच मागे आहेत.

खरं सांगते, हे सगळं वाचून पहिल्यांदा मला आनंदच झाला. आणि तो आनंद मी कोणासाठीही कमी करून सांगणार नाही, कारण तो फार महाग पडलेला आहे. केंब्रिजशी जोडलेलं मुलींचं गर्टन कॉलेज निघालं १८६९ मध्ये. केंब्रिजमध्येच १८९० मध्ये फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलापेक्षाही जास्त मार्क पडले. या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेल्यांना रँग्लर म्हणायचे, आपल्याला हा शब्द रँग्लर परांजप्यांमुळे माहीत आहे, ते १८९९ मध्ये पहिले आले आणि सीनिअर रँग्लर झाले. फिलिपाचा निकाल मात्र "सीनिअर रँग्लरच्या वर" असा वाचून दाखवला गेला, कारण मुलांच्या यादीत मुलींना क्रमांक द्यायचाच नाही असा नियम होता. डिग्री तर नाहीच नाही. १८९७ मध्ये मुलींना डिग्री द्यावी का यावर मतदान झालं तेव्हा विरोध करणाऱ्या पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा करून भर रस्त्यावर टांगला होता. ठराव पडला. केंब्रिजची पूर्ण पदवी बायकांना मिळायला १९४८ उजाडलं. फिलिपा फॉसेट त्याच वर्षी गेली.

आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजात, ते फक्त बायकांसाठी काढलेलं मेडिकल कॉलेज होतं. वेगळं काढावं लागलं, कारण इतर ठिकाणी दार बंद होतं.

दार बंद करणं ही काही जुनीच गोष्ट आहे असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात तालिबाननं मुलींना युनिव्हर्सिटीत यायलाच बंदी घातली, मुली गेटपर्यंत आल्या आणि हत्यारबंद माणसांनी त्यांना परत पाठवलं. २०१८ मध्ये जपानात उघड झालं की टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटी कित्येक वर्षं प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क मुद्दाम कमी करत होती, का तर पुढे लग्न-मुलंबाळं झाली की बायका डॉक्टरकी सोडतात. मी हे वाचलं तेव्हा ज्या मुली नापास म्हणून घरी बसल्या असतील त्यांचाच विचार डोक्यात राहिला, की त्यांनी किती वर्षं स्वतःला कमी समजलं असेल.

त्यामुळे "आता मुली जिंकल्या, मुलं हरली" असं कोणी म्हणायला लागलं की मला राग येतो. कोणत्याही घरात दोन पोरं असली की एक शिकलं म्हणून दुसरं हरलं असं आपण म्हणत नाही. आणि पदवी घेऊनसुद्धा बायकांचा पगार पुरुषांपेक्षा कमीच राहतो, विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित या विषयांत पदवी घेणाऱ्यांत जगभरात बायका साधारण ३५ टक्केच आहेत. ते सगळं आहेच.

पण सतरा नंबर रिकामा आहे हेही आहेच ना.

मी कारणं शोधत होते तेव्हा क्लॉडिया गोल्डिन यांचं काम वाचनात आलं. त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, बायका आणि नोकऱ्या यांचा दोनशे वर्षांचा हिशोब त्यांनी मांडलाय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजात मुलं-मुली जवळपास सारखीच होती. मग दुसरं महायुद्ध संपलं, परत आलेल्या सैनिकांना सरकारनं शिकायला पैसे दिले आणि १९४७ मध्ये दर मुलीमागे २.३ मुलं असं प्रमाण झालं. तिथून ते उलट फिरलं. मुलींची लग्नं उशिरा व्हायला लागली, गर्भनिरोधक गोळ्या आल्या, आपल्याला आयुष्यभर नोकरी करायची आहे हे शाळेतल्या मुलींना आधीपासून दिसायला लागलं, आणि एकदा ते दिसल्यावर त्यांनी शाळेतच जास्त गणित, जास्त विज्ञान घ्यायला सुरुवात केली. शाळेत मार्क तर त्यांना पूर्वीपासूनच चांगले पडत होते. म्हणजे पुढे जायची ताकद होतीच, अडवणूक कमी झाली तशा त्या पुढे गेल्या.

हे मला पटलं. पण यात मुलींचं पुढे जाणं समजतं, मुलांचं थांबणं समजत नाही. ते मला पुस्तकातून नाही, घरातूनच समजलं, आणि फार उशिरा समजलं.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हुशार. म्हणजे आता प्रत्येक बहीण असं म्हणतेच पण हा खरंच हुशार, घरातलं कुठलंही बिघडलेलं यंत्र उघडायचा आणि स्क्रू ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं ओळीत मांडून ठेवायचा. माझ्या शिक्षणाबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं होतं, "हिचं शिक्षण झालंच पाहिजे, उद्या काही झालं तर स्वतःच्या पायावर उभी तरी राहील." आणि त्याच्याबद्दल ठरलेलं वाक्य होतं, "त्याचं काय, मुलगा आहे, काहीही करून खाईल."

ही दोन्ही वाक्यं प्रेमानंच बोलली जायची. आता मला वाटतं या सगळ्या आकड्यांचं मूळ त्या दुसऱ्या वाक्यात आहे. माझ्या शिक्षणामागे घरच्यांची भीती उभी होती, त्याच्या शिक्षणामागे फक्त विश्वास. भीती माणसाला फॉर्म भरायला लावते. विश्वास काही भरायला लावत नाही.

आणि अठराव्या वर्षी ते वाक्य हिशोबानं खरंच असतं, हे मान्य करायला हवं. डिग्री नसलेल्या मुलीला जी कामं मिळतात ती साफसफाईची, काउंटरवरची, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायची, आणि या कामांना सगळीकडेच कमी पैसे मिळतात. डिग्री नसलेल्या मुलाला ड्रायव्हिंग आहे, बांधकाम आहे, मशीनवरचं काम आहे, तिथे सुरुवातीला तरी बरे पैसे मिळतात. म्हणजे मुलीला न शिकणं लगेच महाग पडतं आणि मुलाला ते पंधरा-वीस वर्षांनी महाग पडतं, जेव्हा पाठ दुखायला लागते किंवा कारखाना बंद होतो किंवा सुपरवायझरच्या जागेसाठी कोणीतरी कागद मागतं. मूर्खपणामुळे मुलं कॉलेज सोडतात असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी हिशोब बरोबर केलेला असतो, पण फक्त पहिल्या पाच वर्षांचा.

भावानं फॉर्म भरला होता. तो दिवस मला स्वच्छ आठवतो कारण दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. नाव, पत्ता, मार्क, फोटो, सही स्कॅन करून अपलोड, सगळं झालं. शेवटच्या पानावर एक मोठा रिकामा चौकोन होता, "हा अभ्यासक्रम आपण का निवडत आहात, ५०० शब्दांत लिहा." तो लिहायला बसला. मी शेजारच्या टेबलावर वाचत होते. मला त्याच्या टायपिंगचा आवाज यायचा, चार-सहा शब्द, मग एकच बटण बराच वेळ दाबलेलं, म्हणजे पुसलं. परत चार-सहा शब्द. परत पुसलं. पाऊण तास हे चाललं असेल. मग तो म्हणाला, "ताई, हे काय लिहायचं असतं गं?" मी मान वर न करता म्हटलं, "मनापासून लिही काहीतरी, माझा पेपर होऊ दे, उद्या बघू." थोड्या वेळानं लॅपटॉपचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

उद्या बघितलं नाही. मुदत गेली. नंतर त्याच्या मेलवर तीन वेळा "आपला अर्ज अपूर्ण आहे" असं आलं, ते कोणा माणसानं पाठवलेलं नव्हतंच. महिन्याभरात तो एसी दुरुस्तीच्या कामाला लागला. घरात कोणी रडलं नाही, कोणी भांडलं नाही. माझा फॉर्म असा राहिला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं सगळ्यांनी.

त्या चौकोनाचा विचार मी आजही करते. पंधरा वर्षांच्या मुलामुलींची पिसा नावाची जी आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, तिच्यात २०१८ मध्ये वाचनात मुली मुलांच्या सरासरी ३० गुणांनी पुढे होत्या, आणि भाग घेतलेल्या प्रत्येक देशात पुढे होत्या. प्रत्येक. गणितात असं होत नाही, तिथे फरक थोडासा आणि कधी इकडे कधी तिकडे. पण वाचन-लिहिण्यावरच तर पुढचं सगळं उभं आहे, अर्ज, निबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट, अगदी स्वतःबद्दल ५०० शब्द. मुलांना पुस्तक वाचायला बसवायची, "तुला काय वाटतं ते लिही" म्हणून त्यांच्या मागे लागायची मेहनत आपण लहानपणापासून कमी घेतो, तो मैदानावर बराय म्हणतो, आणि अठराव्या वर्षी एकदम विचारतो की बाबा तुला आयुष्यात काय करायचंय ते नीट शब्दांत सांग. मी भाषेची शिक्षिका आहे. हे मला शेजारच्या टेबलावरून दिसायला हवं होतं.

पैशाचं काय, असं कोणी म्हणेल. पैसा आहेच, पण तेवढंच असतं तर सोपं होतं. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे. तिथल्या काही दात्यांनी २००५ मध्ये नाव न सांगता जाहीर केलं की गावातल्या सरकारी शाळांमधून पास होणाऱ्या मुलामुलींची कॉलेजची फी आम्ही भरू. अभ्यासकांनी नंतर मोजलं तर मुलींमध्ये पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलांमध्ये काहीच वाढ दिसली नाही. हे वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले होते, इतकं ते लागलं. फी माफ आहे, शाळा त्याच, गाव तेच, आणि मुलं जिथे होती तिथेच.

मग काही ठिकाणी दुसरा मार्ग काढतात, मुलांना थोडं सांभाळून घ्यायचं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या केन्यन कॉलेजच्या प्रवेशप्रमुख बाईंनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये उघडपणे लिहिलं होतं की चांगल्या मुलींचे अर्ज इतके येतात की वर्गात मुलं-मुलींचा समतोल ठेवायचा तर मुलींसाठी निवड जास्त कडक होते. प्रामाणिक लिहिलं होतं, पण मला हा मार्ग मान्य नाही. मला फिलिपा फॉसेट आठवते, टोकियोच्या त्या मुली आठवतात. जिनं रात्रंदिवस अभ्यास केला तिच्या मार्कांतून काढून दुसऱ्याला द्यायचं हे परत तेच झालं. आणि त्यानं सतरा नंबर भरत नाही, कारण तो अर्ज करून नाकारला गेलेला नाहीच. त्यानं अर्जच केलेला नसतो, किंवा करून तो निघून गेलेला असतो.

मुलींना अडवणारा कोणीतरी समोर होता. नियम होता, गेट होतं, मतदान होतं, म्हणून त्याच्याशी लढता आलं आणि पिढ्यानपिढ्या लढून त्या आत आल्या. मुलांना कोणी अडवलेलं नाही त्यामुळे लढायचं कोणाशी हेच कळत नाही, फक्त कोणी बोलवतही नाही. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत कॉलेज सोडलेल्या मुलीच्या घरी आम्ही कितीतरी वेळा फोन केलेत, तिचं लग्न तर ठरवत नाहीत ना म्हणून. ते करायलाच हवं, पुढेही करणार. पण कॉलेज सोडलेल्या मुलाच्या घरी मी एकदाही फोन केलेला नव्हता. कामाला लागला असेल, एवढंच मनात यायचं. काहीही करून खाईल.

गेल्या महिन्यात केला. ऑफिसमधून सतरा नंबरचा फोन नंबर घेतला आणि तास संपल्यावर रिकाम्या वर्गातूनच लावला. मागे प्रचंड आवाज होता, ड्रिल मशीन चालू असल्यासारखा. मी नाव सांगितलं तर दोन सेकंद काहीच नाही, मग, "मॅडम, दहा मिनिटांनी करतो." चार तासांनी आला फोन. मी म्हटलं, येत का नाहीस, काही अडचण आहे का, अटेंडन्स कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही. तो प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत राहिला. सहा-सात "हो मॅडम" झाल्यावर माझ्याकडचं बोलणं संपलं.

रात्री भावाला हे सांगितलं. तो जेवत होता, ऐकत होता. मग म्हणाला, "तो काम काय करतो?"

"विचारलं नाही."

"मग त्यानं काय बोलायचं ताई तुझ्याशी?"

त्याचा सूर साधाच होता, पण मला ते झाकण बंद झाल्याचा आवाज परत ऐकू आला. पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन केला. अटेंडन्सचं नाव काढलं नाही. म्हटलं, परवा मागे ड्रिलचा आवाज येत होता, काय काम असतं तुझं? तर म्हणाला लिफ्ट बसवतो आम्ही. आणि मग तो बोलायला लागला. लिफ्टच्या पाळण्याला दुसऱ्या बाजूनं वजन लावलेलं असतं हे मला ऐकून माहीत होतं, पण ते वजन किती असावं हे नव्हतं माहीत. त्यानं सांगितलं की ते रिकाम्या पाळण्याएवढं ठेवत नाहीत, पाळणा अधिक त्यात जेवढा भार मावतो त्याच्या साधारण निम्मा, तेवढं ठेवतात, कारण लिफ्ट पूर्ण रिकामी पण क्वचित जाते आणि पूर्ण भरलेली पण क्वचित, अर्ध्याला तोलून ठेवलं की मोटरला दोन्हीकडून कमी ओढावं लागतं. मी मधे मधे विचारत गेले, दोर किती असतात, एक तुटला तर काय, तू स्वतः त्या शाफ्टमध्ये उतरतोस का. उतरतो म्हणाला, भीती पहिले आठ दिवस वाटते. वीस-पंचवीस मिनिटं सलग बोलला असेल, आणि एकदाही अडखळला नाही, एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. मी मनात शब्द मोजत होते. पाचशेच्या कितीतरी पुढे गेले होते.

"कुठे वाचलंस हे सगळं?" मी विचारलं.

"वाचलं नाही मॅडम, सीनिअरनी दाखवलं." मग जरा थांबून, "याचं पुस्तक असतं का?"

मी म्हटलं शोधते. लायब्ररीत दोन मिळाली, एकात आकृत्या चांगल्या आहेत, ते माझ्या नावावर काढून ठेवलंय. त्यानं फोनची वेळ सांगितली आहे, रविवारी साडेआठनंतर, त्याच्या आधी साइटवर असतो तो.